रात्रपाळीचा कृमी

जगातील बहुतेक रोगांची तपासणी दिवसाउजेडी, दवाखान्याच्या ठरलेल्या वेळेत आणि रुग्णाच्या सवडीने करता येते. परंतु हत्तीरोगाचा माग काढणाऱ्या आरोग्यसेवकाला मात्र, वस्तीत निजानीज होऊ लागली म्हणजे काचपट्ट्यांची पेटी उचलून घराबाहेर पडावे लागते आणि रात्री आठापासून बारापर्यंत, लोक अंथरुणाला पाठ टेकण्याच्या बेतात असताना, दारोदार हिंडून त्यांच्या बोटाचे रक्त मागावे लागते. ज्याच्या अंगात हा कृमी आहे, त्याचे रक्त भर दुपारी काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरले तर बहुधा त्यात काहीच सापडत नाही. त्याच माणसाचे रक्त मध्यरात्रीच्या सुमारास काढले, तर एकेका थेंबात अनेक अळ्या आढळू शकतात. रोग एकच, रक्तही तेच, बदलतो तो केवळ प्रहर. आणि या एका विलक्षण गोष्टीमुळे भिवंडीसारख्या, रात्र म्हणून ज्याला ठाऊकच नाही अशा शहरात या रोगाचा शोध घेणे किती अवघड होऊन बसते, ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

भिवंडीचे यंत्रमाग बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत चालतात. रक्त गोळा करणाऱ्या एका पथकाबरोबर मी एकदा रात्री दहाच्या पुढे एका मागाच्या गाळ्यात गेलो होतो, तेव्हा तेथला खडखडाट इतका होता की शेजारी उभ्या असलेल्या माणसाशीही हातवाऱ्यांनीच बोलावे लागे. दिव्यांच्या पिवळट उजेडात कापसाचे तूस तरंगत होते, आणि ज्याचे रक्त घ्यायचे त्या तरुण विणकराच्या भुवया त्या तुसाने म्हाताऱ्याच्या भुवयांसारख्या पांढऱ्या झाल्या होत्या. त्याने लुंगीला हात पुसून डाव्या हाताचे बोट पुढे केले. सेवकाने स्पिरिटचा बोळा फिरवला, सुई टोचली, बोट दाबून रक्ताचे थेंब काचपट्टीवर घेतले आणि पट्टीच्याच कोपऱ्याने ते गोल पसरले. नाव, वय, मुक्काम किती वर्षांचा, मूळ गाव कोणते, हे प्रश्न कानाशी तोंड नेऊन विचारले गेले. परंतु तिसऱ्या प्रश्नाच्या आतच त्याच्या मागावरचा धागा तुटला, आणि उरलेली उत्तरे तशीच टाकून तो धावत गेला. नोंदवहीत 'मूळ गाव' हा रकाना कोराच राहिला.

ती काचपट्टी वाळवून, दुसऱ्या दिवशी पाण्यात धरून तिच्यातील लाल रंग उतरवून आणि मग रंगद्रव्यात बुडवून प्रयोगशाळेत पाहतात. अळी असलीच, तर ती जांभळ्या-निळ्या धाग्याच्या नागमोडी तुकड्यासारखी दिसते. लांबी साधारण पाव मिलिमीटर, अंगाभोवती पारदर्शक पिशवी, आणि अंगभर ठिपक्यांची रांग, जी शेपटीच्या टोकाशी येऊन मात्र थांबते. ही थांबण्याची खूण पाहूनच जाणकार तिची जात ओळखतो. परंतु रंगवलेली अळी ही शेवटी मेलेली अळी होय. ताज्या रक्ताचा थेंब काचेखाली धरला तर ती आपल्या वळवळीने तांबड्या पेशींना चहूकडे ढकलताना दिसते, आणि माणसाच्या अंगात हे असे चालले असताना त्याला ताप नाही, वेदना नाही, तो जेवतो, काम करतो, झोपतो, हे आठवले म्हणजे पाहणाऱ्याच्या मनाचा थरकाप होतो.

ही अळी म्हणजे पिल्लू. तिची आई अन्यत्र असते. आपल्या शरीरात रक्ताच्या नळ्यांखेरीज आणखी एक नळ्यांचे जाळे आहे, ज्यातून लसीका नावाचा स्वच्छ द्रव हळूहळू वाहत असतो. ऊतींत झिरपलेले पाणी गोळा करून ते पुन्हा रक्तात नेऊन सोडणे हे त्याचे काम, आणि वाटेत काखेत, जांघेत, मानेत ज्या गाठी लागतात त्या या द्रवाच्या गाळण्या होत. पायाला ठेच लागून ती चिघळली म्हणजे जांघेत जे अवधाण येते, ते याच गाळणीचे सुजणे. वुचेरेरिया बँक्रॉफ्टी हा कृमी, ज्याची मादी आठ ते दहा सेंटिमीटर लांब आणि शिवणाच्या दोऱ्याएवढी बारीक असते, आपले बिऱ्हाड नेमके या नळ्यांत थाटतो. तेथे नरमादी एकमेकांना वेटोळे घालून पाच-सहा, क्वचित आठ वर्षेही राहतात आणि त्या अवधीत लक्षावधी पिल्ले रक्तात सोडतात. नळीच्या भिंती फुगतात, झडपा निकामी होतात, आणि जो द्रव वर चढावयाचा तो खाली साचू लागतो.

हे सारे एका दिवसात होत नाही, आणि यातच या रोगाची खरी लबाडी आहे. मूल लहानपणी बाधित होते, तरुणपणी त्याला कधीमधी थंडी वाजून ताप येतो, जांघेत गाठ येते, पायावर लालसर पट्टा उमटतो, दोन-चार दिवसांत सारे ओसरते आणि विसरले जाते; पुढे केव्हातरी घोट्याशी सूज राहू लागते, रात्री झोपल्यावर उतरते, नंतर उतरेनाशी होते. मग कातडी जाड होते, तिला घड्या पडतात, घड्यांत ओल राहून जखमा होतात, जखमांवाटे जंतू शिरतात, पुन्हा ताप येतो, आणि प्रत्येक तापागणिक पाय आणखी एक पायरी वाढतो. पुरुषांत वृषणाभोवती पाणी साचते. काहींची लघवी दुधासारखी पांढरी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे 2.5 कोटी पुरुष या अंडवृद्धीने आणि 1.5 कोटींवर माणसे सुजलेल्या अवयवांनी ग्रस्त आहेत. आणि या रोगाचा जगातील जो एकूण भार, त्याचा सुमारे 40 टक्के वाटा एकट्या भारताच्या वाट्याला आलेला आहे. या रोगाने माणूस सहसा मरत नाही. मरत नाही म्हणूनच कदाचित वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर त्याला जागा मिळत नाही, आणि लाज वाटते म्हणून रोगी स्वतः होऊन बोलत नाही. विशेषतः अंडवृद्धीचा रोगी धोतराच्या किंवा लुंगीच्या आड ती वर्षानुवर्षे लपवतो आणि बायकोखेरीज कोणाला कळू देत नाही.

आपल्याकडे हा रोग नवा नाही. आयुर्वेदाने त्यास श्लीपद, म्हणजे शिळेसारखा झालेला पाय, असे नाव दिले. आणि जेथे जुने पाणी साचून राहते व जेथली हवा सर्व ऋतूंत थंड असते त्या प्रदेशांत तो विशेषेकरून होतो, असे सुश्रुतसंहितेत सांगून ठेवले आहे. डासाचा संबंध कोणाला ठाऊक नसताना साचलेल्या पाण्यावर नेमके बोट ठेवणाऱ्या त्या निरीक्षणाचे मला फार कौतुक वाटते. याच्या उलट, 1583 मध्ये गोव्यास येऊन आर्चबिशपच्या पदरी राहिलेला डच प्रवासी लिन्सहोटन याने 1596 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासवृत्तांत हत्तीच्या पायाएवढे पाय झालेल्या माणसांचे जे वर्णन केले, त्यात संत थॉमसचा वध करणाऱ्यांच्या वंशजांना भोवलेला शाप हे त्याचे कारण म्हणून नोंदले. शापाची ही कल्पना आपल्याही खेड्यांतून अद्याप समूळ गेलेली नाही. एकाच घरात दोघांचे पाय सुजले म्हणजे वंशाला दोष लावला जातो आणि त्या घरातील मुलींच्या सोयरिकी अडतात. वास्तविक दोघांना एकाच गटाराचे डास चावलेले असतात.

डासाचा दुवा सापडला तो 1877 मध्ये, चीनच्या किनाऱ्यावरील अमॉय या बंदरात. त्यापूर्वी 1872 मध्ये कलकत्त्यात टिमोथी लुईस याने माणसाच्या रक्तात या अळ्या पाहिल्या होत्या. पण त्या रक्तातून बाहेर कशा पडतात आणि दुसऱ्याच्या अंगात कशा शिरतात, हे कोडे होते. अमॉयच्या सीमाशुल्क खात्याचा डॉक्टर पॅट्रिक मॅन्सन याने हिन-लो नावाच्या आपल्या बाधित माळ्याला रात्री डासांच्या खोलीत निजवले, त्याचे रक्त पिऊन टम्म झालेले डास सकाळी पकडले आणि ते चिरून पाहिले, तेव्हा अळ्या डासाच्या पोटात मरून न जाता वाढत असल्याचे त्याला दिसले. कीटकाच्या शरीरात माणसाच्या रोगाचा जीव वाढतो, ही गोष्ट प्रथमच माणसाच्या डोळ्यांना दिसली ती त्या सकाळी. आणि पुढे वीस वर्षांनी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला हिवतापाचे गूढ उकलले ते याच मॅन्सनच्या पत्रांतील मार्गदर्शनाच्या आधारे. मॅन्सनची मात्र एक चूक झाली: डास पाण्यात मरतो आणि ते पाणी प्याल्याने रोग होतो, असे त्याने मानले. डासाच्या सोंडेतच अळी येऊन थांबते, हे 1900 मध्ये जॉर्ज लो याने दाखवले. डासाच्या अंगात ती दहा ते चौदा दिवस राहते, तेवढ्यात तिची वाढ पुरी होते. परंतु तेथे तिची संख्या वाढत नाही, म्हणून एखाददुसऱ्या चाव्याने हा रोग जडत नाही, त्याला महिनोन् महिने, वर्षोन् वर्षे, असंख्य डासांचे चावणे लागते. हत्तीरोग हा त्यामुळे वस्तीचा रोग आहे; एक रात्र मुक्कामाला आलेल्या पाहुण्याचा नव्हे.

आता प्रहराच्या कोड्याकडे वळतो. अळ्या दिवसा फुप्फुसांतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री कातडीखालच्या रक्तात उतरतात, कारण ज्या क्युलेक्स डासाच्या पोटात त्यांना जावयाचे असते तो रात्री चावतो. हे मॅन्सननेच नोंदवले होते. परंतु अळीचे हे घड्याळ सूर्यावर चालते की माणसाच्या झोपेवर, हा प्रश्न 1881 मध्ये लंडनच्या इस्पितळात स्टीफन मॅकेंझी याने सोडवला. त्याने एका बाधित रुग्णाला दिवसा निजवले आणि रात्री जागवले. काही दिवसांतच अळ्यांनी आपली वेळ फिरवली आणि त्या दिवसा रक्तात दिसू लागल्या. कृमी माणसाच्या निद्रेला बांधलेला आहे, आकाशातील सूर्याला नव्हे.

हे वाचल्यापासून मला भिवंडीच्या त्या गाळ्यातील विणकर वारंवार आठवतो. ज्या माणसाची पाळी रात्रीची, जो सकाळी घरी नव्हे, तर बहुधा त्याच गाळ्याच्या पोटमाळ्यावर किंवा दहाजणांत भाड्याने घेतलेल्या खोलीत निजतो, त्याच्या रक्तात कृमी असेलच तर तो कोणत्या प्रहराला बाहेर येईल? महिनाभर रात्रपाळी करणाऱ्याचे घड्याळ उलटे फिरलेले असणार. आठवड्या-पंधरवड्याला पाळी बदलणाऱ्याचे कुठेतरी मध्येच अडकलेले. त्याचे रक्त रात्री दहाला घेऊन काचपट्टी स्वच्छ निघाली, तर तो निरोगी आहे असा दाखला देण्यास मन कचरते. यावर इलाज नाही असे नाही. अळीऐवजी थोराड कृमीने रक्तात सोडलेली द्रव्ये शोधणाऱ्या पट्ट्या आता निघाल्या आहेत आणि त्यांना दिवसरात्रीचा विधिनिषेध नाही. वर्ध्याजवळच्या सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच प्रकारच्या रक्तपरीक्षांवर दीर्घकाळ काम केले, हे महाराष्ट्राने अभिमानाने सांगावे असे आहे.

भिवंडीची जमीन आणि भिवंडीचे पाणी या रोगाला अनुकूल आहे, हे ठाणे जिल्ह्याचे नाव महाराष्ट्रातील हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांच्या यादीत पालघर, सिंधुदुर्ग, सोलापूर, नांदेड आणि विदर्भातील बहुतेक जिल्ह्यांबरोबर असण्यावरून उघड आहे. खाडीकाठचा सखल मुलूख, कामवारी नदीकडे रेंगाळत जाणारी गटारे, मागांच्या गाळ्यांमागचे डबके, भरून वाहणाऱ्या शौचकुपांच्या टाक्या. क्युलेक्स डासाला स्वच्छ पाणी रुचत नाही. जितके पाणी घाण, सडके आणि सेंद्रिय द्रव्यांनी दाटलेले, तितकी त्याची पैदास अधिक. 2011 च्या शिरगणतीत या शहराची वस्ती सात लाखांच्या वर भरली, आणि ही गणना ज्यांनी आपले घर येथे आहे असे सांगितले त्यांची.

आणि माणसे कोठली? आगरी, कोळी आणि कोकणी मुसलमान येथले मूळचे. उत्तर हिंदुस्थानातून पूर्वीच येऊन स्थायिक झालेले मोमीन विणकर. तेलंगणातून आलेले पद्मशाली, ज्यांच्या नावाने पद्मानगर ओळखले जाते. आणि अलीकडच्या दशकांत पूर्व उत्तर प्रदेश व बिहारमधून एकटेच आलेले तरुण. यांतील बहुतेकांची मूळ गावे स्वतःच हत्तीरोगाच्या पट्ट्यात मोडतात. याचा अर्थ परप्रांतीयांनी रोग आणला, असा कोणी काढील तर तो अन्याय होईल आणि अडाणीपणाही. ठाणे जिल्ह्याचा हत्तीरोग ठाण्याच्या गटारांत पोसलेला आहे, आणि येथे निरोगी आलेला माणूस येथे बाधित होऊन आपल्या गावी परत जाऊ शकतो, हे तितकेच खरे. डास माणसाची भाषा विचारीत नाही.

औषध आहे, आणि त्याची कथा पद्मानगरातील तेलुगू विणकरांना सांगण्यासारखी आहे. भीमावरम येथे 1895 मध्ये जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव, एक तेलुगू ब्राह्मण मुलगा, मद्रासेत वैद्यक शिकून अमेरिकेस गेले आणि न्यूयॉर्कजवळील लेडर्ले प्रयोगशाळेचे संशोधनप्रमुख झाले. त्यांच्या देखरेखीखाली 1947 च्या सुमारास डायएथिलकार्बामाझिन, म्हणजे आज ज्याला आपले आरोग्यसेवक नुसते डीईसी म्हणतात, ते औषध हत्तीरोगावर लागू पडते असे सिद्ध झाले. पुढच्याच वर्षी, 1948 मध्ये, सुब्बाराव वारले. आपल्या देशातील कोट्यवधी माणसांच्या तोंडी पुढे ती गोळी पडेल, हे पाहण्यास ते उरले नाहीत.

ही गोळी रक्तातील अळ्यांचा झपाट्याने नाश करते. थोराड कृमीवर तिचा परिणाम अपुरा. म्हणून युक्ती अशी, की वस्तीतील सर्वांनी, रोगी असोत वा निरोगी, वर्षातून एकदा तिची मात्रा घ्यावी, आणि हे पाच-सहा वर्षे चालवावे. तेवढ्यात जुने कृमी आपल्या मरणाने मरतात आणि नवी पिल्ले डासापर्यंत पोहोचत नाहीत. भारतात राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम 1955 मध्ये सुरू झाला. 2004 पासून देशभरच्या बाधित जिल्ह्यांत ही सामुदायिक औषधवाटप मोहीम सुरू झाली आणि 2007 पासून डीईसीच्या जोडीला अल्बेंडाझोल आले. प्रौढाला डीईसीच्या शंभर मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या आणि अल्बेंडाझोलची एक. दोन वर्षांखालची मुले, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी यांना वगळायचे. उपाशीपोटी घ्यायचे नाही. 2019 मध्ये नागपूर जिल्ह्यात आयव्हरमेक्टिन हे तिसरे औषधही जोडले गेले. गोळ्या घेतल्यावर कोणाकोणाला ताप, डोकेदुखी, मळमळ होते. लोक घाबरतात, आणि एका गल्लीत एकाला उलटी झाली की सारी गल्ली गोळ्या फेकून देते. खरे पाहता, हा त्रास बहुधा रक्तात अळ्या मरत असल्याचे चिन्ह असते आणि एक-दोन दिवसांत निवळतो.

चीनने हा रोग 2007 मध्ये हटवला, श्रीलंकेने 2016 मध्ये, आणि आपल्यासारखीच दाट वस्ती, तसेच पाणी व तशीच गरिबी असलेल्या बांगलादेशाने 2023 मध्ये. आपले उद्दिष्ट आधी 2015 होते, आता 2027 आहे. औषध तेच, डास तोच. मग अडते कोठे?

माझ्या मते अडते ते दप्तरात. मोहीम यशस्वी व्हावयाची तर एकूण वस्तीपैकी निदान 65 टक्के लोकांनी औषध प्रत्यक्ष गिळले पाहिजे. कुटुंबांची यादी घेऊन सेविका दारोदार जाते. परंतु आजमगढच्या किंवा दरभंग्याच्या खेड्यात तिला विणकराची आई सांगते, मुलगा परमुलखात आहे, आणि यादीत त्याच्या नावापुढे 'बाहेरगावी' असा शेरा पडतो. इकडे भिवंडीत सेविका ज्या घरांची यादी घेऊन निघते त्यांत गाळ्याच्या पोटमाळ्यावरचा माणूस धरलेला नसतो, कारण पोटमाळा हे घर नव्हे. आणि धरलाच, तर ती दुपारी येते तेव्हा तो एक तर मागावर तरी असतो किंवा गाढ झोपेत तरी. दोन्ही जिल्ह्यांच्या कागदांवर टक्केवारी चोख भरते आणि तो दोन्ही दप्तरांच्या बाहेर राहतो. अशा दहा-वीस माणसांच्या अंगात कृमी टिकून राहिला तर संपूर्ण मोहल्ल्याची पाच वर्षांची गोळी वाया जाते. त्यातून गोळ्या समक्ष गिळवण्याऐवजी हातावर ठेवून पुढे जाण्याची जी सवय आपल्या कामाला लागली आहे, तिने वाटलेल्या आणि गिळलेल्या गोळ्यांचे आकडे निराळे पडतात.

परंतु भिवंडीत एक दप्तर असे आहे की ज्यात त्या माणसाचे नाव चुकत नाही. एकट्या विणकरांना जेवू घालणाऱ्या खाणावळींना तेथे बिशी म्हणतात. बचतीच्या भिशीहून ही निराळी. अंधाऱ्या खोलीत जमिनीवर पंगत बसते, डाळ-भात-पोळी वाढली जाते, पैसे पगाराला चुकते होतात, आणि म्हणून बिशीवाल्याच्या वहीत प्रत्येक जेवणाऱ्याचे नाव आणि त्याने कोणत्या वेळेला ताट घेतले याची खूण असते. कोण नवा आला, कोण मुलखाला गेला, कोणाची पाळी बदलली, हे महानगरपालिकेच्या कोणत्याही कारकुनाआधी बिशीवाल्याला कळते. औषध भरल्या पोटी घ्यायचे असते, समक्ष गिळवायचे असते, आणि माणूस हमखास जागा व बसलेला सापडायला हवा असतो. या तिन्ही गोष्टी बिशीच्या पंगतीत एकत्र येतात. हत्तीरोगाच्या मोहिमेने त्या वहीचा आधार घेतल्यावाचून भिवंडीचे काम पुरे होईल, असे मला वाटत नाही. आणि हे मी अत्यंत कळकळीने लिहीत आहे.

ज्यांचे पाय आधीच सुजले आहेत त्यांना गोळीने पूर्ववत पाय मिळत नाहीत. अंडवृद्धीवर शस्त्रक्रिया आहे, ती सरकारी रुग्णालयात होते, आणि ती करून घेतलेला माणूस पुन्हा सरळ चालू लागतो; परंतु पायाला रोजची निगा हाच उपाय. ती निगा कशी असते ते पद्मानगरातील एका चाळीत मी पाहिले. साठीची एक बाई, आयुष्यभर कांड्या भरण्याचे काम केलेली, पत्र्याच्या घमेल्यात डावा पाय सोडून बसली होती, आणि आशा सेविका तिच्यासमोर उकिडवी बसून साबणाचा फेस दोन बोटांच्या बेचक्यांत हलक्या हाताने फिरवत होती. प्रत्येक घडी उघडायची, धुवायची, पाणी नितळ येईपर्यंत ओतत राहायचे. मग कापड न घासता नुसते टिपून घ्यायचे, बेचक्यांत तर फारच जपून, कारण तेथली एक बारीकशी चीर म्हणजे पुढच्या तापाचे दार. टिपण्याचे कापड भिवंडीच्याच मागावरचे होते, कोरे, पण आठ-दहा वेळा धुऊन त्यातली खळ पार काढून टाकलेले, तेव्हा कोठे ते त्या कातडीला सोसणारे मऊ झाले होते. धुणे झाल्यावर चिरेवर मलम लावले, आणि सुताच्या रिकाम्या खोक्यावर उशी ठेवून तिच्यावर पाय उंच केला.

"मावशी, गेल्या महिन्यात ताप आला होता का?"

"नाही ग ताई. पाय धुवायला लागल्यापासून दोनदाच आला. आधी दर पुनवेला यायचा."

पौर्णिमेचा हा हिशेब अनेक रोगी सांगतात. सेविकेने तो खोडून काढला नाही; ताप आला त्या दोन तारखा मात्र विचारून टिपून घेतल्या. मग घोट्यापाशी टेप धरून घेर मोजला. गेल्या वेळेपेक्षा एक बोट कमी भरला, तसे तिने सांगितले, आणि म्हातारीने पायाकडे पाहिले, पण काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने विचारले, "माझ्या पोराला गोळ्या मिळाल्या का ग? तो रात्रीचा मागावर असतो. तुम्ही आलात की तो निजलेला असतो."

सेविकेने वही उघडली. घराच्या नोंदीखाली दोनच नावे होती, म्हातारीचे आणि सुनेचे. तिने तिसरी ओळ आखली, मुलाचे नाव आणि वय लिहिले, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिले: रात्रपाळी, दुपारी तीननंतर, जेवल्यावर भेटणे.